सशाची रुची आणि सावलीतील वाफा

शत्रूची ओळख पटल्यावाचून युद्ध पुकारू नये, असे शहाणे लोक सांगतात. बागेच्या बाबतीत आम्ही याहूनही पुढे जाऊन म्हणू की, ओळख नीट पटली म्हणजे पुष्कळदा युद्धाचे कारणच उरत नाही.

भोपाळच्या नेहरू नगरात आमच्या घरामागे, आंब्याच्या सावलीत, एक वाफा आहे. तेथे आम्ही तेरडा, मेथी व कोथिंबीर लावली होती. एके दिवशी सकाळी पाहतो तो कोवळी रोपे तिरप्या, स्वच्छ कापाने छाटलेली! प्रथम शेळीवर संशय गेला. परंतु शेळीला वरचे पुढचे दात नसतात. ती पाला ओरबाडते. सुरीने कापल्यासारखा काप सशाचा. १९८३ साली राष्ट्रीय उद्यान झालेले वनविहार येथून दूर नाही. या बाजूच्या झुडपी रानात ससा हा जुना रहिवासी. आमची घरे मागाहून आली.

आळीतील मुलांनी फासा लावण्याचा बेत केला. कोणी पिठात विष कालवावयास सुचविले. दोन्ही गोष्टींना आम्ही विरोध केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशास संरक्षण आहे, हे एक कारण. आणि विषाला ससा, गाय व मुंगूस यांतील भेद कळत नाही, हे दुसरे.

मग उपाय कोणता? आम्हांस आमच्या गोमंतकातील कुळागर आठवले. तेथे माडापोफळींच्या सावलीत हळद, आले, अळू सुखाने वाढतात. हळद व आले यांच्या उग्र वासाच्या पानांस ससा सहसा तोंड लावीत नाही. अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. त्यांनी घसा खाजतो, म्हणूनच आपण भाजीत चिंच किंवा आमसूल घालतो. सशापाशी आमसूल कोठून असणार! कडेला कडू अडुळसा व ओलाव्याच्या जागी नेचे लावले, म्हणजे वाफा शोभिवंतही दिसतो. शिवाय हळदीच्या पानांत श्रावणातल्या पातोळ्या होतात, हा लाभ वेगळाच.

अर्थात कोणतीही वनस्पती सर्वस्वी निर्भय नाही. ऐन उन्हाळ्यात भुकेपुढे रुची टिकत नाही, आणि कोवळा कोंब कशाचाही असो, गोड लागतो. यासाठी नव्या रोपांभोवती काही आठवडे बारीक जाळी उभी करावी. मेथी-कोथिंबीर कुंडीत, उंच कठड्यावर ठेवावी.

विद्यार्थिमित्रहो, फासा लावावयास केवळ राग पुरतो. योग्य रोप निवडावयास मात्र निरीक्षण लागते. ज्याला कापलेल्या देठावरून खाणारा ओळखता येतो, त्याला काठी उचलण्याची पाळी क्वचितच येते. आमच्या मते शाळेत शिकण्यासारखी विद्या हीच होय.