छेद लहान, प्रश्न मोठाच

स्तनवर्धन आणि कर्करोगानंतरची स्तनपुनर्रचना या दोन्हींत सध्या ‘छोट्या छेदा’चे आकर्षण वाढते आहे. काखेतून दुर्बीण घालून इम्प्लांट बसविता येते. पोटावरची चरबी नळीने ओढून छातीत टोचता येते. जखम लहान, वेदना कमी, हे फायदे खरेच आहेत. मात्र छेद लहान म्हणजे जोखीमही लहान, हा समज इतिहासाला धरून नाही.

चरबीचेच पाहा. १९८७ मध्ये अमेरिकेतील प्लॅस्टिक सर्जनांच्या संघटनेने स्तनात चरबी टोचण्यास विरोध केला होता. टोचलेल्या चरबीचा काही भाग मरतो, गाठी व कॅल्शियमचे कण उरतात आणि त्यामागे कर्करोग दडेल, ही त्यामागची भीती. २००९ मध्ये संघटनेने ही भूमिका सौम्य केली. मॅमोग्राफीत हे कण बहुधा वेगळे ओळखता येतात, असे तोवर दिसून आले होते. तरीही सगळी चरबी टिकत नाही. पुन्हा पुन्हा टोचावी लागते. निव्वळ सुईने काम भागविणाऱ्या कृत्रिम जेलची गत याहून वाईट झाली. चीनने पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड जेलवर २००६ मध्ये बंदी घातली. युरोपात वापरले जाणारे ‘मॅक्रोलेन’ उत्पादकानेच २०१२ मध्ये स्तनांपुरते मागे घेतले, कारण त्यामुळे मॅमोग्राफीचे निदान अवघड होत होते.

उलट, पुनर्रचनेतील ‘डीप फ्लॅप’ पद्धतीत ओटीपोटावर चांगला लांब व्रण राहतो आणि शस्त्रक्रिया कित्येक तास चालते. पण तीत त्वचा व चरबी रक्तवाहिन्यांसह उचलून सूक्ष्मदर्शकाखाली छातीतील वाहिन्यांना जोडतात आणि पोटाचा स्नायू जागेवरच राहतो. जुन्या पद्धतीत तोच बळी जाई. कमीत कमी इजा कशाला म्हणायचे, त्वचेवरच्या टाक्यांना की आतल्या हानीला? रुग्णाच्या दृष्टीने दुसरे मोजमाप अधिक मोलाचे.

भारतात विमा नियामकाच्या २०१९ च्या प्रमाणित अपवादांत सौंदर्यशस्त्रक्रियेचा खर्च वगळला आहे. कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेला मात्र त्यातून सूट आहे. कागदावर वाट मोकळी आहे. परंतु स्तनावरची त्वचा राखायची की नाही, हे गाठ काढण्यापूर्वीच ठरवावे लागते. त्या पहिल्या भेटीत पुनर्रचनेचा विषय निघालाच नाही, तर पुढे पर्याय उरतात, पण थोडे.