तंबाखू सोडवणारी ओपीडी ओस पडू देऊ नका

वाळूजच्या एमआयडीसीत पाळी सुटली की गेटबाहेर तळहातावर तंबाखू मळली जाते. गावाकडे सकाळी चुलीपाशी मशेरी भाजली जाते. या माणसांना तंबाखूचे तोटे ठाऊक नाहीत असं समजू नका. प्रौढांच्या तंबाखू वापराच्या २०१६-१७ च्या ‘गॅट्स’ सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. देशभरात तंबाखू खाणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या मनात ती सोडण्याचा विचार होता. पण त्यांच्यातले जे डॉक्टरांकडे गेले, त्यांच्यापैकी तिघांतल्या जेमतेम एकालाच ‘सोडा’ असं कुणी सांगितलं. इच्छा आहे, वाट दाखवायला कुणी नाही.

तरीही आपण ‘मनात आणलं की सुटते’ याच्या पुढे जात नाही. मलेरियाच्या रुग्णाला आपण मन घट्ट करायला सांगतो का? कुठलीही मदत न घेता सिगारेट सोडणाऱ्या शंभरांतले तीन ते पाचच वर्षभर टिकतात. निकोटिन मेंदूला चटक लावतं. ते थांबलं की चिडचिड होते, झोप उडते, कामात चित्त लागत नाही. पहिला आठवडा सगळ्यात कठीण जातो आणि बहुतेकांचा निश्चय तिथेच मोडतो.

तो काळ निभावून नेण्यासाठीच उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्याच्या उपचारांची पहिली मार्गदर्शिका काढली. समुपदेशन आणि औषध दोन्ही एकत्र द्या, असं ती सांगते. औषधांत निकोटिनच्या च्युइंगगमचं उदाहरण घ्या. ते गोळीसारखं चघळत राहायचं नसतं. हळूहळू चावायचं, तोंडात चुणचुण जाणवली की गालात दाबून ठेवायचं, चुणचुण ओसरली की पुन्हा चावायचं. असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं चहा घ्यायचा नाही. बार गालात धरायची सवय असलेल्याला ही रीत पटकन जमते, आणि कॅन्सर करणारे तंबाखूतले घटक त्यात नसतात. अशा निकोटिन उपचाराने सिगारेट सुटण्याची शक्यता साधारण दीडपट होते. २०२२ मध्ये हा उपचार देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आला.

मग अडलंय कुठे? सोय असते, पण ती मागणारं कुणी नसतं. दंत महाविद्यालयांमध्ये तंबाखूमुक्ती केंद्र असावं, असं केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्याकडे शासकीय दंत महाविद्यालय आहे, घाटी रुग्णालय आहे, आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. पण नोंदवहीत रुग्णच नसतील, तर समुपदेशकाची जागा भरा असं कुणाला सांगायचं? औषधाची मागणी कशाच्या जोरावर करायची? ३१ मेला, तंबाखूविरोधी दिनी, फेरी निघते, शपथ होते, फोटो छापून येतो. १ जूनला तंबाखूमुक्ती केंद्रात कोण बसतं, हे विचारायला कुणी जात नाही. नुसत्या बंदीनेही भागत नाही. गुटखाबंदी २०१२ मध्ये आली. तिने पुडी लपली, तलफ गेली नाही.

म्हणून ही सोय वाचवायची असेल, तर ती वापरायची आणि मागायची. घरात कुणी तंबाखू खात असेल, तर त्यांना ओरडू नका, दंत महाविद्यालयात घेऊन जा. तोंडात पांढरा चट्टा दिसत असेल, उभी तीन बोटं तोंडात मावत नसतील, तर उद्यावर टाकू नका. डॉक्टरांनो, दाढ दुखते म्हणून आलेल्यालाही ‘तंबाखू खाता का? सोडायला मदत हवी का?’ एवढं विचारा. दोन मिनिटं लागतात. कारखान्यांनो, वार्षिक तपासणीच्या दिवशी समुपदेशक बोलवा आणि पाळीचा पगार न कापता कामगारांना त्याच्याकडे पाठवा. नगरसेवक मत मागायला आले, की सरकारी दवाखान्यात निकोटिनचं औषध मिळतं का, हे विचारा.

आणि जे स्वतः खातात त्यांना एकच सांगणं. मागे दोनदा सोडून पुन्हा धरली असेल, तरी तुम्ही हरलेले नाही. बहुतेकांना एकाहून जास्त प्रयत्न करावे लागतात. पुडीवरच १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो. फोनला पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. सोडायची तारीख ठरवा, घरच्यांना सांगा आणि त्या तारखेच्या आधी हा फोन लावा.