पटावर नाव आहे. शिकणे कुठे आहे?

दिव्यांग मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, हे आता शाळांना ठाऊक झाले आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा या वयात जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्कही दिला. त्यामुळे पटावर नाव चढते. खरी अडचण त्यानंतर, वर्गात सुरू होते.

श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलीला पहिल्या बाकावर बसवतात आणि शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलत राहतात. ओठांकडे पाहून शब्द जुळवणाऱ्या त्या मुलीचा तास तिथेच बुडतो. कमी दिसणाऱ्या मुलाला ‘उतरवून घे’ एवढेच सांगितले जाते. फळ्यावर काय लिहिले, ते कोणी वाचून दाखवत नाही. फिरते विशेष शिक्षक आले की या मुलांना व्हरांड्यात नेऊन शिकवतात. तेवढ्या वेळात वर्ग पुढे सरकतो आणि परत आलेले मूल आणखी मागे पडते.

याचा दोष विशेष शिक्षकांच्या माथी मारता येणार नाही. प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच सांगितले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये शाळांच्या प्रत्येक केंद्रामागे एक याप्रमाणे ४,८६० पदांना मान्यता दिली. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेल्यांसाठी हा निर्णय मोलाचा आहे. पण एका केंद्रात अनेक शाळा असतात. एक माणूस किती ठिकाणी पुरा पडणार?

म्हणून पदे वाढवण्याचा आग्रह धरतानाच कामाची पद्धतही बदलायला हवी. विशेष शिक्षकाने मुलाला बाहेर नेण्याऐवजी स्वतः वर्गात बसावे आणि वर्गशिक्षकाबरोबर पाठाची आखणी करावी. मुलांसमोर रोज उभा राहतो तो वर्गशिक्षक. या मुलांना शिकवण्याचे कसब त्याच्या हाती आले पाहिजे. बोलताना वर्गाकडे तोंड ठेवणे, लिहिलेले मोठ्याने वाचणे, एका वेळी एकच सूचना देणे, लिहिणे जड जाणाऱ्याचे उत्तर तोंडी घेणे, यांना निधी लागत नाही. मात्र ते शिकवावे लागते, अंगवळणी पडेपर्यंत कोणीतरी सोबत राहावे लागते. ‘आमच्या मुलांचा अभ्यास मागे पडेल’ अशी धास्ती काही पालकांना वाटते. पण असे सावकाश, स्पष्ट शिकवणे त्यांच्याही मुलांना हवेच आहे.

तपासणीला येणारे अधिकारी दिव्यांग विद्यार्थ्यांची संख्या विचारतात, रॅम्प पाहतात. त्यांनी त्या मुलांच्या वह्याही उघडाव्यात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. प्रत्येक बैठकीत त्यांनी मुख्याध्यापकांना एक प्रश्न विचारावा: या महिन्यात ही मुले वर्गात बसून नवे काय शिकली? उत्तर मिळेपर्यंत तो सोडू नये.