दोष शेपटीचा नव्हे

जर्मन शेफर्डला भगंदर झाला की दोष दोघांना दिला जातो : त्याच्या शेपटीला आणि त्याच्या मालकाला. शेपूट रुंद बुंध्याची, खाली झुकलेली, वर केस दाट. मग गुदद्वाराला हवा लागत नाही, घाण साचते, जंतू वाढतात आणि कातडीला भोकं पडतात, अशी ही उपपत्ती. तिच्या आधारावर अनेक वर्षे छिद्रे कापली, गोठवली, जाळली गेली. शेपूटसुद्धा कापली गेली. काही कुत्र्यांना त्याने आराम पडला, हे नाकारायचे कारण नाही. पण पुष्कळांचा आजार उलटला, आणि गुदद्वाराचे स्नायू दुखावल्याने काहींचा शौचावरचा ताबा कायमचा गेला. शिवाय झुकती शेपूट आणि दाट केस इतरही अनेक जातींत आहेत. तरी नोंदलेल्या रुग्णांत ८० टक्क्यांच्या आसपास जर्मन शेफर्डच असतात. आयरिश सेटर, लॅब्राडोर वगैरे जाती क्वचित दिसतात. नुसत्या घाणीने हे घडत असते, तर आजाराने जात पाहिली नसती.

खरा निर्णायक पुरावा औषधाने दिला. सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध. रोगाचे मूळ जंतूंत असते, तर ते दिल्यावर जखमा चिघळायला हव्या होत्या. घडले उलटे. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ साली २० कुत्र्यांवरची चाचणी प्रसिद्ध केली. काहींना आधी नुसतेच बिनऔषधी द्रव्य देऊन तुलनाही केली. औषधाचा पूर्ण काळ संपेपर्यंत १७ कुत्र्यांची सगळी छिद्रे भरून आली. म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वतःच्या ऊतींवर उलटलेली असते. जंतू नंतर त्या उघड्या जखमेत शिरतात. म्हणूनच प्रतिजैविकांनी वास आणि पू कमी होतो, रोग तसाच राहतो. जर्मन शेफर्डमध्ये प्रतिकारशक्तीशी निगडित एका जनुकरूपाचा या आजाराशी संबंध आढळला आहे. भगंदर झालेल्या अनेक कुत्र्यांना मोठ्या आतड्याचीही सूज असते. शेपटीने तिचा उलगडा होत नाही.

आक्षेप येतो की औषध महाग आहे आणि थांबवल्यावर आजार अनेकदा परततो. दोन्ही खरे. काही पशुवैद्य सोबत केटोकोनाझोल देतात. त्यामुळे सायक्लोस्पोरिनची मात्रा आणि खर्च उतरतो, मात्र यकृतावर लक्ष ठेवावे लागते. आजार परततो म्हणून उपचार फोल ठरत नाही. मधुमेहाची गोळीही मधुमेह मिटवत नाही. शस्त्रक्रियेलाही जागा आहे, पण ती औषधाने जखमा आटल्यावर, उरलेल्या मार्गापुरती किंवा बिघडलेल्या गुदग्रंथींपुरती. स्वच्छता तर हवीच, कारण तिने वेदना कमी होतात. ती उपचाराच्या जोडीला असावी, उपचाराच्या जागी नाही.

आपल्याकडे अल्सेशियन म्हणून हा कुत्रा घरोघरी आहे, आणि शेपटीखालची जखम केसांत दडते. तो शौचाला कुंथत असेल, सारखा मागे चाटत असेल, शेपटीला हात लावू देत नसेल, तर शेपूट उचलून पाहा आणि पशुवैद्याकडे न्या. महिनोन्‌महिने नुसते मलम लावत बसू नका. आणि ज्याला हा आजार झाला आहे, त्याची पैदास करू नका, मग त्याचे वंशपत्र कितीही मोठे असो.