अर्ध्या किलोचा शहाणपणा

ट्रायथलॉनला उतरणारे काही लोक सायकलवर पंक्चरचं सामान ठेवत नाहीत. कारण काय, तर म्हणे वजन वाढतं! एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर, हवा भरायला गॅसचं छोटं नळकांडं... सगळं मिळून अर्धा किलोसुद्धा भरत नाही. एवढ्यासाठी कित्येक महिन्यांचा सराव पणाला लावायचा? मला हे अजिबात पटत नाही.

"झालं पंक्चर तर बघू." काय बघणार? आयर्नमॅनमध्ये सायकलच १८० किलोमीटर चालवायची असते. तिथे वळणावळणावर पंक्चरवाला बसलेला नसतो.

मग हटकून २००८ सालच्या हवाईच्या आयर्नमॅनचा दाखला येतो. क्रिसी वेलिंग्टनची सायकल पंक्चर झाली, जवळचा गॅस वाया गेला, तेव्हा रिबेका कीट या प्रतिस्पर्धी खेळाडूनं आपलं नळकांडं तिला दिलं. क्रिसी जिंकलीसुद्धा, तीही जवळजवळ १५ मिनिटांच्या फरकानं! अहो, पण कीटनं ते सोबत घेतलं होतं म्हणूनच ना? सगळेच तुमच्यासारखे हलके होऊन आले असते तर? दुसऱ्याच्या पिशवीवर भिस्त ठेवणं याला मी नियोजन म्हणत नाही, फुकटेपणा म्हणतो.

आणि सामान नुसतं बाळगूनही भागत नाही. घरी चार वेळा ट्यूब बदलून हात बसवायला हवा. गॅस वाया कसा जातो, तेही घरीच कळलेलं बरं.

बाकी वजनच कमी करायचं असेल तर मंडळी, आधी जरा पोटाकडे बघा!