फॅशनचे फौजदार

ईदच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या भाचीने नानीच्या जुन्या हिमरू शालीचे जाकीट शिवून घेतले होते. कापड औरंगाबादचे, नानीच्या निकाहातले. रंग थोडा उतरलेला, पण वीण शाबूत. पोरगी आरशासमोर उभी राहिली, एकदा वळून पाहिले आणि म्हणाली, "मामू, हिट की मिस?" आम्ही माशाअल्लाह म्हणणार, तोच तिने स्वतःच निकाल देऊन टाकला, "राहू दे. पडद्याचे कापड अंगावर घातलेय म्हणतील."

"कोण म्हणतील?" आम्ही विचारले.

"सगळेच."

जाकीट कपाटात गेले. ईदला तिने दुकानात टांगलेल्या शंभर कपड्यांसारखाच एक कपडा घातला.

हे 'सगळेच' कोण, हा आमच्या लेखाचा विषय आहे. वृत्तपत्रांच्या रंगीत पुरवण्या, सिनेमासिके, वाहिन्या आणि आता हातातला मोबाइल, या सर्वांनी मिळून एक न्यायालय चालवले आहे. तिथे आरोपी बहुधा बाईच असते. तिचा कपडा, तिची कंबर, तिचे वय, तिचा रंग हाच गुन्हा! फिर्यादी, वकील आणि न्यायाधीश असा तिहेरी कारभार बातमीदार एकटाच पाहतो. आणि अपिलाची सोय नाही.

हा धंदा जुना आहे. अमेरिकेत रिचर्ड ब्लॅकवेल नावाच्या ड्रेस डिझायनरने १९६० साली सर्वांत वाईट पोशाख करणाऱ्या दहा बायकांची यादी जाहीर केली. ही यादी पुढे जवळजवळ अर्धे शतक निघत राहिली. या गृहस्थाने शिवलेले कपडे आज कुणाला आठवत नाहीत, यादी मात्र आठवते. निर्मितीपेक्षा निंदा जास्त दिवस टिकते, असा हा हिशेब! आपल्याकडे बाबूराव पटेलांनी १९३५ साली 'फिल्मइंडिया' काढले. त्यांच्या लेखणीची भल्याभल्यांना धास्ती असे आणि ती नट्यांच्या रूपावरही तुटून पडे. पुढे १९७१ साली 'स्टारडस्ट' आले आणि कानातली कुजबुज छापील झाली. आजचे फौजदार याच परंपरेतले. फरक इतकाच की, बाबूराव निदान सिनेमा पाहून लिहीत. आता सिनेमा पाहण्याचीही गरज उरलेली नाही. विमानतळावरचा एक फोटो पुरतो.

विद्या बालनचे उदाहरण घ्या. २००५ च्या 'परिणीता'मध्ये जिचे सर्वांनी कौतुक केले, तिच्या २००७ च्या 'हे बेबी'मधल्या आणि २००८ च्या 'किस्मत कनेक्शन'मधल्या कपड्यांवर व बांध्यावर हीच मंडळी तुटून पडली. तिने हे सारे गुमान सोसले आणि मग स्वतःचा रस्ता धरला. साडी नेसू लागली. 'द डर्टी पिक्चर'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. २०१३ साली कान महोत्सवात ती ज्यूरीची सदस्य होती. म्हणजे जगभरच्या सिनेमांचा निवाडा करायला तिला बोलावले होते. आमच्या फौजदारांना त्यात काय दिसले? डोक्यावरची ओढणी आणि नाकातली नथ! तोकडे घातले तर शोभत नाही, अंगभर घातले तर जुनाट दिसते. मग बाईने घालायचे तरी काय? या प्रश्नाचे उत्तर ते कधीच देत नाहीत. दिले तर उद्याचे पान कशाने भरणार?

ऐश्वर्या रायच्या वाट्याला तर याहून वाईट आले. जगातली सर्वांत सुंदर बाई म्हणून जिला डोक्यावर घेतले, ती २०११ च्या नोव्हेंबरात आई झाली. सहा महिन्यांनी, २०१२ च्या मे महिन्यात ती कानला गेली, तेव्हा चर्चा कशाची? तिच्या वाढलेल्या वजनाची. बाळंतिणीला आपल्या घरांत डिंकाचे लाडू देतात, हे तिला वजनकाट्यावर उभी करत होते! २०१६ साली तिने ओठांना जांभळा रंग लावला, तर देशावर संकट कोसळल्यासारखी ती बातमी कितीतरी दिवस चघळली गेली.

आता नायकांकडे पाहा. पन्नाशी उलटलेला नायक तोच काळा कोट घालून वर्षानुवर्षे पुरस्कार घ्यायला येतो. त्याच्या पोटाचा घेर कोणी मोजत नाही, कपडा पुन्हा घातला म्हणून कोणी नाक मुरडत नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या एका पुरस्कार सोहळ्यात कॅमेरा पायापासून डोक्यापर्यंत फिरू लागला, तेव्हा केट ब्लँचेटने खाली वाकून कॅमेरावाल्यालाच विचारले होते की, पुरुषांनाही तुम्ही असेच पाहता काय? तो प्रश्न अजून तसाच उभा आहे.

यावर एक युक्तिवाद ठरलेला असतो. या बायका प्रसिद्धीवर जगतात, कपडे दाखवण्याचे पैसे घेतात, मग टीका नको कशी? टीका हवीच, आमचा टीकेला विरोध नाही. कापडाची जात सांगा, वीण सांगा, बेत कुठे चुकला ते सांगा. पण हिमरू कुठले आणि मशरू कुठले, हे या पानावर कधी वाचलेत? लाख रुपयांच्या घागऱ्याचे वर्णन असते, पण कुर्ल्या-धारावीच्या कारखान्यात लाकडी अड्ड्यावर ताणलेल्या कापडात जरदोजी भरताना ज्याची नजर अधू झाली, त्या आपल्या कारागीर भावाचा उल्लेख नसतो. मालेगावच्या मागावर रात्रपाळी करून साडी विणणाऱ्याचा तर नाहीच नाही. कपड्याबद्दल ज्यांना काही ठाऊक नाही, ते कपड्याच्या निमित्ताने बाईच्या देहाबद्दल लिहितात. त्याला समीक्षा म्हणत नाहीत. नाक्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींवर शेरे मारणाऱ्यांना आपण जे नाव देतो, तेच या पत्रकारितेला द्यायला हवे.

आणि यात नुसती टिंगल नाही, व्यापार आहे. नटीच्या अंगावरचा कपडा बहुतेक वेळा उसना असतो. डिझायनर देतो, स्टायलिस्ट निवडतो, दुसऱ्या दिवशी परत जातो. तोच कपडा दुसऱ्यांदा घातला तर हसू होते, कारण खप थांबतो. आलिया भटने २०२३ साली राष्ट्रीय पुरस्कार घेताना आपल्या लग्नाची साडी पुन्हा नेसली, तर तो मोठा क्रांतिकारी विचार ठरला. आमच्या अम्मी-खालांनी एकच शालू दहा निकाहांत मिरवला. त्यांना कुणी क्रांतिकारक म्हटले नाही! निंदेच्या शेजारीच जाहिरात असते. आधी बाईला तिच्या रंगाची लाज वाटायला लावायची, मग क्रीम विकायचे. १९७५ पासून बाजारात असलेल्या गोरेपणाच्या क्रीमला आपल्या नावातला 'फेअर' हा शब्द टाकायला २०२० साल उजाडावे लागले. शब्द गेला, लाज जागच्या जागी आहे.

इथवर आमचे वाचक मान डोलावतील. पुढचे थोडे कडू आहे.

२०१९ साली मुंबईत 'स्लमडॉग मिलिअनेअर'च्या दशकपूर्तीचा सोहळा झाला. ए. आर. रहमान यांची मुलगी खतीजा साडी नेसून, चेहऱ्यावर नकाब घेऊन मंचावर आली. बापाशी ती काय बोलली याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. नकाबावरून बापलेकींना धारेवर धरले गेले. ही आपली निवड आहे, कुणी लादलेली नाही, असे तिला जाहीरपणे सांगावे लागले. रहमान यांनी आपल्या दोन्ही मुलींचा फोटो प्रसिद्ध केला. एकीचा चेहरा झाकलेला, दुसरीचा उघडा. आपल्याला तेव्हा राग आला आणि तो रास्तच होता.

पण २०१७ च्या रमजानमध्ये काय झाले, तेही आठवू या. 'दंगल'मधली फातिमा सना शेख हिने समुद्रकिनाऱ्यावरचा पोहण्याच्या पोशाखातला फोटो प्रसिद्ध केला आणि तिच्यावर शिव्याशापांचा पाऊस पडला. रमजानची आठवण करून देत हा पाऊस पाडणारे कोण होते? रोजा तोंडात आणि शिवी बोटांवर! खतीजाच्या वेळी आपण निवडीचे स्वातंत्र्य मागितले. फातिमाच्या वेळी ते कुठे ठेवले होते? आपले ठेवायचे झाकून आणि दुसऱ्याचे पाहायचे वाकून, ही म्हण आपल्यालाही लागू पडते.

त्याआधी सानिया मिर्झा होती. २००५ साली तिने हैदराबादची डब्ल्यूटीए स्पर्धा जिंकली. असे विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीत पोहोचली. बातमीदार तिची नथनी आणि टी-शर्टवरची वाक्ये मोजत होते, तर काही मौलवी तिच्या स्कर्टची लांबी मोजत होते. एकाला कपडा जास्त वाटतो, दुसऱ्याला कमी. पण टेप तीच आणि ती धरणारा हातही तोच. मधल्यामध्ये तिचा फोरहँड कुणी पाहिलाच नाही.

दीनचे नाव घेऊन बोलणाऱ्यांना आम्ही दीनचीच आठवण देतो. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना नंतर. आणि सूरह हुजुरातमध्ये पुरुषांनी पुरुषांची आणि स्त्रियांनी स्त्रियांची टवाळी करण्यास, एकमेकांना नावे ठेवण्यास साफ मनाई आहे. ही मनाई नटीसाठी नाही, असे कुठे लिहिले आहे?

अमेरिकेत एका वाहिनीवर 'फॅशन पोलीस' नावाचाच कार्यक्रम होता. २०१५ साली त्यात झेंडाया या कृष्णवर्णीय अभिनेत्रीच्या केसांवरून, त्यांना गांजाचा वास येत असेल, असा शेरा मारला गेला. माफी मागावी लागली, २०१७ मध्ये कार्यक्रम बंद झाला. पण 'पोलीस' हा शब्द विनोदाचा नाही. २०१६ साली फ्रान्समधल्या नीसच्या समुद्रकिनाऱ्यावर एका स्त्रीभोवती खरे पोलीस उभे राहिले आणि ती अंगावरचे वस्त्र काढत असल्याची छायाचित्रे जगाने पाहिली. २०२२ साली इराणमध्ये हिजाब नीट घेतला नाही म्हणून खऱ्या पोलिसांनी धरलेली बावीस वर्षांची महसा अमिनी जिवंत परतली नाही. कुणी म्हणेल, कुठे पुरवणीतले पान आणि कुठे पोलिसांची कोठडी! फरक आहेच, तो आम्ही नाकारत नाही. पण बाईचा कपडा ही चारचौघांची मालमत्ता आहे, हा समज दोन्हीकडे एकच आहे. पान त्या समजाला रोज खतपाणी घालते.

म्हणून आमचे मागणे सरळ आहे. संपादकांनो, कपड्यावर लिहायचे तर कपडा शिका. बाईच्या देहावर लिहायचे असेल तर लिहूच नका. आणि बंधू-भगिनींनो, आपण ते पान वाचणे सोडू या. मुलीच्या उघड्या केसांवर आणि झाकलेल्या चेहऱ्यावर, दोन्हींवर शेरा मारायचे सोडू या. आपल्या मुलींच्या हिजाबासाठी न्याय मागायचा असेल, तर दुसऱ्याच्या मुलीच्या पोशाखाचा न्यायनिवाडा आपल्याला करता येणार नाही.

नानीची ती शाल ज्याने विणली, त्याचे नाव आम्हाला ठाऊक नाही. त्याने ती लपवण्यासाठी विणली नव्हती एवढे नक्की. कपाटातले जाकीट आम्ही बाहेर काढून भाचीच्या खुंटीवर टांगले आहे. घालायचे की नाही, ते तिचे तिने ठरवावे. आम्ही विचारणार नाही आणि निकालही देणार नाही.