सोनोग्राफीत बाळ 'मोठं' दिसलं, म्हणजे सिझर करावंच लागतं का?

नववा महिना लागलेला असतो. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये बाळाचं अंदाजे वजन ३.९ किलो येतं. डॉक्टर म्हणतात, "बाळ जरा मोठं वाटतंय." घरी आल्यावर चर्चा सुरू होते. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी साडेचार किलोचीही घरी झाली. बहीण म्हणते, कळाही सोसायच्या आणि शेवटी सिझरही, त्यापेक्षा आधीच तारीख घेऊन टाक. नवरा मोबाइलवर शोधत बसतो.

या सगळ्यात निर्णय नेमका कशाच्या आधारावर घ्यायचा? रिपोर्टमधल्या त्या एका आकड्यावर किती विश्वास ठेवायचा? आणि निर्णय घ्यायचा कुणी?

'मोठं बाळ' म्हणजे किती किलोचं?

वैद्यकीय भाषेत याला 'मॅक्रोसोमिया' म्हणतात. जन्माच्या वेळी वजन ४ किलोपेक्षा जास्त असेल तर बाळ मोठं, असं काही ठिकाणी मानतात, तर काही ठिकाणी ही रेषा साडेचार किलोवर आहे. भारतात जन्मणाऱ्या बाळांचं सरासरी वजन तीन किलोच्या आत असतं. त्यामुळे आपल्याकडे चार किलोचं बाळ तुलनेनं कमी दिसतं.

बाळ मोठं होण्याचं एक महत्त्वाचं कारण म्हणजे आईचा मधुमेह. आईच्या रक्तातली जादा साखर वारेतून बाळापर्यंत पोहोचते. बाळाचं शरीर जास्त इन्सुलिन तयार करतं आणि चरबी साठते, विशेषतः खांदे आणि पोटाभोवती. म्हणूनच वजन सारखं असलं, तरी मधुमेह असलेल्या आईच्या बाळाचा खांदा अडकण्याचा धोका जास्त असतो.

सोनोग्राफी बाळाला 'वजनकाट्यावर' ठेवते का?

नाही. मशीन बाळाच्या डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजतं. ही मापं सूत्रात टाकून वजनाचा अंदाज काढला जातो. त्यात १० टक्क्यांची चूक सहज होऊ शकते, कधी त्याहूनही जास्त.

म्हणजे रिपोर्टमध्ये ४ किलो लिहिलं असेल, तर बाळ ३.६ किलोचंही असू शकतं आणि ४.४ किलोचंही. यातलं पहिलं बाळ अगदी नेहमीचं, तर दुसरं खरोखर मोठं.

बाळ मोठं असल्याची नुसती शंकाही अनेकदा चुकते. अमेरिकेत सुमारे १,९०० महिलांच्या एका पाहणीत ३१ टक्के महिलांना 'तुमचं बाळ बरंच मोठं होतंय' असं सांगण्यात आलं होतं. प्रत्यक्षात पाहणीतल्या सगळ्या बाळांपैकी फक्त ९.९ टक्के बाळं ४ किलो किंवा त्याहून जास्त वजनाची निघाली.

डॉक्टरांना भीती कशाची असते?

सगळ्यात मोठी भीती असते ती 'शोल्डर डिस्टोशिया'ची. यात बाळाचं डोकं बाहेर येतं, पण खांदा आईच्या कमरेच्या हाडामागे अडकतो. अशा वेळी डॉक्टर आणि नर्सच्या हातात काही मिनिटंच असतात. आईचे दोन्ही पाय गुडघ्यात दुमडून पोटाकडे घेतात, ओटीपोटावर विशिष्ट जागी दाब देतात. बहुतेक वेळा खांदा सुटतो. क्वचित मानेजवळच्या नसा ताणल्या जाऊन बाळाचा हात कमजोर होतो. फारच क्वचित ऑक्सिजन कमी पडून मेंदूला इजा होते. आईला खोल टाके पडण्याचा आणि जास्त रक्तस्रावाचा धोकाही असतो.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेजच्या मार्गदर्शक सूचनांनुसार योनिमार्गे होणाऱ्या साधारण २०० प्रसूतींमध्ये एकदा, किंवा त्याहून थोडं जास्त वेळा, खांदा अडकतो. नसांची इजा झालेल्या बाळांपैकी १० टक्क्यांहून कमी बाळांत ती कायमची राहते. याच सूचनांमधली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. खांदा अडकण्याच्या जवळपास निम्म्या घटना ४ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांमध्ये घडतात. त्यामुळे फक्त वजन बघून हा धोका आधी ओळखता येत नाही.

मग सरळ सिझर केलं तर बिघडलं कुठे?

सिझर ही आज बऱ्यापैकी सुरक्षित शस्त्रक्रिया आहे आणि गरज असेल तिथे ती जीव वाचवते. पण तिचे धोके पुढच्या बाळंतपणापर्यंत जातात. जखमेत संसर्ग, रक्तस्राव, पायात रक्ताची गाठ हे धोके लगेचचे. पुढच्या गरोदरपणात वार जुन्या टाक्यांच्या जागी खोल रुतण्याची शक्यता असते आणि प्रत्येक सिझरनंतर ती वाढत जाते. ज्यांना आणखी मुलं हवी आहेत, त्यांच्यासाठी हा हिशोब वेगळा होतो.

दुसरीकडे, नॉर्मलसाठी थांबल्यावर कळा बराच वेळ चालून शेवटी तातडीचं सिझर करावं लागलं, तर ते आधी ठरवून केलेल्या सिझरपेक्षा जास्त जोखमीचं असतं. त्यामुळे 'नॉर्मल म्हणजे चांगलं, सिझर म्हणजे वाईट' अशी सरळ विभागणी इथे चालत नाही.

आकडे काय सांगतात?

१९९६ मध्ये अमेरिकेत केलेला एक हिशोब आजही वापरला जातो. बाळाचं अंदाजे वजन साडेचार किलो असलेल्या सगळ्या महिलांचं सिझर करायचं ठरवलं तर काय होईल? मधुमेह नसलेल्या महिलांमध्ये एका बाळाच्या नसांची कायमची इजा टाळण्यासाठी ३,६९५ सिझर करावी लागतील. मधुमेह असलेल्या महिलांमध्ये हाच आकडा ४४३ वर येतो.

म्हणजे वजन तेच, पण आईला मधुमेह आहे की नाही यावर उत्तर बदलतं. म्हणूनच अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना मधुमेह नसेल तर ५ किलोपासून आणि असेल तर साडेचार किलोपासून नियोजित सिझरचा विचार करता येईल, असं सांगते. भारत सरकारच्या गरोदरपणातल्या मधुमेहाबाबतच्या सूचना त्याहून सावध आहेत. आईला मधुमेह असेल आणि बाळाचं अंदाजे वजन ४ किलोच्या वर असेल, तर ३९ व्या आठवड्यात सिझरचा विचार करावा, असं त्यात म्हटलं आहे.

या सगळ्या सूचनांमध्ये शब्द 'विचार करावा' असा आहे. 'करावंच' असं कुणीही म्हणत नाही.

बाळ आणखी वाढण्याआधीच कळा आणल्या तर?

हा मधला मार्ग. ब्रिटनमध्ये 'बिग बेबी ट्रायल' या अभ्यासात तो तपासला गेला. त्याचे निष्कर्ष मे २०२५ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आले. बाळ मोठं असल्याची शंका असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या २,८९३ महिला यात होत्या. एका गटात ३८ व्या आठवड्यात औषधानं कळा सुरू केल्या. दुसऱ्या गटाची नेहमीप्रमाणे काळजी घेतली.

पहिल्या गटात २.३ टक्के बाळांचा खांदा अडकला, दुसऱ्यात ३.१ टक्के. हा फरक ठाम निष्कर्ष काढण्याइतका मोठा नव्हता. ज्यांनी ठरलेली पद्धत तंतोतंत पाळली, त्यांच्यात फरक अधिक स्पष्ट दिसला: २.३ विरुद्ध ३.७ टक्के. म्हणजे लवकर कळा आणण्याचा थोडा फायदा होऊ शकतो. पण दुसऱ्या गटातही शंभरातल्या साधारण ९७ बाळांचा खांदा अडकला नाही.

स्कॉटलंडमधल्या एका आईनं कायदा कसा बदलला?

ब्रिटनमध्ये या विषयावर आज इतकं मोकळेपणानं बोललं जातं, त्यामागे एका खटल्याचा मोठा वाटा आहे. नादीन माँटगोमेरी यांना मधुमेह होता आणि उंची पाच फुटांपेक्षा थोडीच जास्त होती. बाळ मोठं आहे, नॉर्मल प्रसूती जमेल का, ही काळजी त्यांनी डॉक्टरांकडे बोलून दाखवली होती. डॉक्टरांनी काढलेला वजनाचा अंदाज होता ३.९ किलो. तो ४ किलोच्या वर असता, तर सिझरचा पर्याय दिला असता, असं डॉक्टरांनी नंतर कोर्टात सांगितलं. अंदाजात १० टक्के चूक असू शकते, हे माहीत असूनही ती धरली गेली नव्हती.

१ ऑक्टोबर १९९९ ला बाळ जन्मलं. वजन ४.२५ किलो. खांदा अडकला आणि सुटायला १२ मिनिटं लागली. बाळाला सेरेब्रल पाल्सी झाली, हाताच्या नसांनाही इजा झाली.

मधुमेह असलेल्या मातांमध्ये खांदा अडकण्याचा धोका ९ ते १० टक्के असतो, हे डॉक्टरांनी नादीन यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं तर सगळ्याच जणी सिझर मागतील, असं त्यांचं म्हणणं होतं. मार्च २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. रुग्णाला महत्त्वाचा वाटेल असा धोका आणि उपलब्ध पर्याय सांगणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे, असं कोर्टानं स्पष्ट केलं. कुटुंबाला ५२.५ लाख पौंडांची भरपाई मिळाली.

भारतात चित्र काय आहे?

समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की संमती घेण्याआधी उपचाराचं स्वरूप, फायदे, पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास काय होईल, याची पुरेशी माहिती रुग्णाला द्यायला हवी. फॉर्मवर सही घेतली म्हणजे हे काम झालं, असं होत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के प्रसूती सिझरनं झाल्या, तर खासगीत ४७.४ टक्के. महाराष्ट्रात एकूण प्रमाण २५.४ टक्के होतं. यातली किती सिझर 'मोठ्या बाळा'मुळे झाली, हे या आकड्यांवरून कळत नाही. पण इतका फरक असताना 'सिझर का?' हा प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे.

डॉक्टरांना काय विचारावं?

- माझी साखरेची तपासणी झाली आहे का? (७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त असेल, तर आपल्याकडे गरोदरपणातला मधुमेह मानतात.)
- वजनाचा अंदाज किती कमी-जास्त असू शकतो? बाळाच्या पोटाचा घेर डोक्याच्या मानानं जास्त आहे का?
- आधीच्या बाळंतपणात खांदा अडकला होता किंवा सिझर झालं होतं, त्याचा आता काय परिणाम होईल?
- नॉर्मलसाठी थांबलो आणि खांदा अडकला, तर इथे प्रशिक्षित टीम, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ रात्रीही असतात का?
- सिझर केलं, तर पुढच्या गरोदरपणावर काय परिणाम होईल?
- काही दिवस थांबण्याचा किंवा कळा आणण्याचा पर्याय माझ्यासाठी आहे का?

मधुमेह असलेली, साडेचार किलोच्या अंदाजाची आई आणि मधुमेह नसलेली, आधी एक नॉर्मल प्रसूती झालेली ३.९ किलोच्या अंदाजाची आई, या दोघींचं उत्तर एक असू शकत नाही. पहिलीनं सिझर निवडलं तर ती घाबरट ठरत नाही. दुसरी कळांची वाट पाहत थांबली तर ती बेफिकीर ठरत नाही.

नादीन यांच्यापासून धोका लपवला गेला. मधुमेह नसलेल्या एखादीला 'बाळ अडकेल' एवढंच सांगून, बाकी काही न समजावता सही घेतली जाते. दोन्हीकडे एकच गोष्ट घडते: जिच्या पोटावर किंवा पोटात हे सगळं होणार आहे, तिला सोडून निर्णय होतो. रिपोर्टमधला आकडा चुकू शकतो. तो चुकू शकतो हे तिला आधी सांगणं मात्र डॉक्टरांच्या हातात आहे.